संगणकाचा मुनीम आणि त्याची चिठ्ठी

मंडईत भाजी घेता घेता कोणी विचारले, “आपण काय काम करता?” आणि मी सांगितले, “स्क्रिप्ट लिहितो,” की पुढचा प्रश्न ठरलेला. “नाटकाची की सिनेमाची?” पुण्यात राहून हा प्रश्न टळणे कठीण. “संगणकाची” म्हटले की समोरच्याचा चेहरा थोडा उतरतो आणि तिसरा प्रश्न येतो, “मग आमचा प्रिंटर बघता का जरा? कागद अडकतोय.”

प्रिंटर दुरुस्त करणे हे माझे काम नाही. पण दहा वेळा नकार देण्यापेक्षा अडकलेला कागद काढून देणे सोपे, हे मी या धंद्यात लवकर शिकलो. माझे खरे काम काय आहे आणि आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्याचा उपयोग कसा करून घेता येईल, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्या परिसरात हे काम चालते तो वाचकांच्या ओळखीचाच आहे. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झालेली आठ बाजूंची दगडी इमारत आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. शेजारी तुळशीबाग, पलीकडे रविवार पेठ आणि बोहरी आळी. घाऊक भाजीबाजार गुलटेकडीला गेला त्याला बरीच वर्षे झाली. २०२४ साली मंडईचे मेट्रो स्टेशनही सुरू झाले. भाजीवाल्या मावशींच्या पाटीशेजारी पैसे घेण्याचा चौकोनी कोड आला. म्हणजे हिशेब आता दोन ठिकाणी जमतो, गल्ल्यात आणि मोबाईलमध्ये. संध्याकाळी या दोन्हींचा मेळ घालायचा कोणी, हा प्रश्न आला की माझी आठवण होते.

स्क्रिप्ट म्हणजे काय?

पूर्वी पेढीवर मुनीम असे. तो सकाळी कीर्द लिही, संध्याकाळी रोजमेळ घाली आणि सवडीने खतावणी करी. शेठ त्याला एकदा पद्धत सांगत आणि तो वर्षानुवर्षे त्या पद्धतीने चाले. संगणकाची स्क्रिप्ट म्हणजे अशाच मुनीमाला दिलेली चिठ्ठी समजा. त्या चिठ्ठीत कामे क्रमाने लिहिलेली असतात:

आजच्या सर्व पावत्या घे. प्रत्येकीची तारीख आणि रक्कम वाच. मोबाईलवर जमा झालेली रक्कम त्याच रकमेच्या पावतीसमोर लाव. जुळली तर बरोबरची खूण कर. जुळली नाही तर वेगळ्या यादीत टाक. शेवटी बेरीज दाखव.

बस, एवढेच. फरक इतकाच, की ही चिठ्ठी मराठीत न लिहिता संगणकाला समजेल अशा भाषेत लिहावी लागते. पर्ल ही भाषा १९८७ साली आली, पायथन १९९१ साली, जावास्क्रिप्ट १९९५ साली. ज्या एक्सेलमध्ये आपल्यापैकी अनेकांचे हिशेब असतात, त्यातही मॅक्रो नावाने अशा चिठ्ठ्या लिहिण्याची सोय आहे. मोठे तयार सॉफ्टवेअर म्हणजे बांधलेली इमारत. ती अनेकांसाठी एकाच नकाशाने बांधतात. स्क्रिप्ट म्हणजे आपल्या गाळ्यात आपल्या मालाच्या मापाने सुताराने ठोकलेली फळी.

या मुनीमाचे गुण सांगायचे तर तो थकत नाही, जेवायला जात नाही आणि पगारवाढ मागत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा. त्याला स्वतःची समज नाही. जुना मुनीम म्हणे, “शेठ, हा आकडा काही बरोबर वाटत नाही.” हा मुनीम असे कधीही म्हणणार नाही. त्याला चुकीचे सांगितले तर तो चुकीचे काम अत्यंत निष्ठेने, न चुकता, रोज करील.

एक शेख, चार खाती

आता रोजच्या कामातील काही गमती सांगतो.

पहिली गंमत नावांची. शेख हे एकच आडनाव, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते चार तऱ्हांनी लिहिले जाते. मुहम्मद, मोहम्मद, महंमद आणि नुसते ‘मो.’ हे आपल्याला एकच वाटते; संगणकाला ही चार वेगवेगळी माणसे दिसतात. एका दुकानात एकाच गिऱ्हाईकाची उधारी चार खात्यांत विखुरलेली सापडली. गिऱ्हाईक एका खात्यावर पैसे भरून निर्धास्त आणि दुकानदार उरलेल्या तीन खात्यांकडे बघून नाराज! यावर उपाय म्हणून नावाऐवजी मोबाईल नंबरावरून खाती जुळवली. तर वडील आणि दोन मुलगे एकच नंबर देत असल्याचे निघाले. आता तिघांची उधारी एकत्र झाली. शेवटी दुकानातल्या जुन्या नोकराला शेजारी बसवले. त्याने चहा संपायच्या आत सगळी खाती सोडवून दिली, कारण तो माणसे ओळखत होता.

दुसरी गंमत शून्याची. जीएसटीच्या पावतीवर मालाचा जो एचएसएन क्रमांक लिहावा लागतो, तो खजुरासाठी ०८०४ असा आहे, कांदा-लसणासाठी ०७०३. एक्सेलला वाटते की हा साधा आकडा आहे आणि पुढच्या शून्याला काही किंमत नाही. तो शून्य गिळून ८०४ करतो. त्याचप्रमाणे मोबाईलवरून आलेल्या पैशांचा बारा आकडी संदर्भ क्रमांक तो ऐसपैस न दाखवता मध्ये टिंब आणि इंग्रजी अक्षर घालून आखडून दाखवतो. पंधरा आकड्यांपेक्षा लांब बँक खाते क्रमांक असेल, तर शेवटचे आकडे चक्क शून्य करून टाकतो. उपाय साधा आहे. असा रकाना भरण्यापूर्वी त्याला ‘मजकूर’ म्हणून ठरवून द्यावे, म्हणजे एक्सेल त्यात ढवळाढवळ करत नाही.

तिसरी गंमत तारखेची, आणि ती माझ्या अंगाशी आली. आपण ०३/०४ लिहिले की ३ एप्रिल समजतो. अमेरिकन पद्धतीने बसवलेला संगणक त्याला ४ मार्च समजतो. मी लिहिलेल्या एका स्क्रिप्टने एका जुन्या, सज्जन गिऱ्हाईकाला महिनाभर आधीच थकबाकीचा निरोप पाठवला. ते गृहस्थ पैसे मोजून दुकानाच्या पायरीवर ठेवून निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही. त्यांची समजूत काढायला दुकानदारांबरोबर मलाही जावे लागले. त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही चिठ्ठीत महिना अक्षरांनी लिहिलेला असतो.

छत आणि फरशी

आता एक अनुभव थोडा गंभीर आहे. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

सुकामेव्याच्या एका दुकानाची पावतीची स्क्रिप्ट मी लिहिली. रमजानची गर्दी तोंडावर होती. माल ग्रॅमवर तोलायचा, त्यामुळे रक्कम कधी २१७ रुपये ३८ पैसे, कधी ९४ रुपये ६ पैसे अशी यायची. २५ पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. दुकानमालक हाजीसाहेबांचा मुलगा म्हणाला, “भाई, पैसे नकोत. पूर्ण रुपया करून टाका.” मी घाईत होतो. पूर्ण रुपया वरचा की खालचा, हे मी विचारले नाही. वरचा करून टाकला.

संगणकाच्या भाषेत आकडा वर नेण्याच्या हुकमाला इंग्रजीतील ‘छत’ या अर्थाच्या शब्दावरून नाव आहे आणि खाली आणण्याच्या हुकमाला ‘फरशी’ या अर्थाच्या शब्दावरून. मी छत लिहिले. एका शब्दाचे काम.

हाजीसाहेबांना संगणक येत नाही. पण संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय. जिन्नसवार विक्रीची बेरीज आणि हाती आलेली रक्कम ते ताडून पाहत. दररोज शंभर-सव्वाशे रुपये जास्त निघू लागले. मुलगा म्हणाला, “अब्बा, बरकत आहे.” हाजीसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “बेटा, बरकत अशी रोज एकाच मापाने येत नाही. हे कोणाचे तरी पैसे आहेत. त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलाव.”

मी गेलो, चिठ्ठी उघडली आणि मान खाली घातली. हिशेब अगदी सरळ होता. पैशांचा आकडा शून्यापासून नव्याण्णवपर्यंत कोणताही येऊ शकतो. प्रत्येक वेळी वरचा रुपया धरला, तर सरासरीने दर पावतीला साडेएकोणपन्नास पैसे, म्हणजे जवळजवळ अर्धा रुपया जास्त घेतला जातो. दिवसाला २४० पावत्या धरल्या तर सुमारे ११९ रुपये. दुकान उघडे असलेल्या ८० दिवसांत साडेनऊ हजार रुपये. कोणत्याही एका गिऱ्हाईकाचे एका पावतीवर एक रुपयाचेही नुकसान नाही. म्हणून कोणी तक्रार केली नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता नव्हती.

मी म्हणालो, “हाजीसाहेब, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर खाली, अशी रीत आहे. जीएसटी कायद्यातही कराची रक्कम रुपयात करताना हाच नियम आहे. तसे केले तर वर्षभरात देणे-घेणे जवळजवळ बरोबरीत येईल.”

ते म्हणाले, “सरकारसाठी ते ठीक आहे. आमच्या वडिलांनी तराजू हातात दिला तेव्हा सांगितले होते की पारडे गिऱ्हाईकाकडे झुकते ठेव. तू फरशी लिही.”

तोलताना थोडे झुकते माप द्यावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. माप मारणाऱ्यांना कुरआनात, सूरह मुतफ्फिफीनमध्ये, किती कडक शब्दांत बजावले आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्या दिवसापर्यंत माप म्हणजे तराजू आणि वजने, एवढेच माझ्या डोक्यात होते. माझ्या चिठ्ठीतला एक शब्द हेही माप आहे, हे एका संगणक न येणाऱ्या बुजुर्गांनी मला शिकवले.

ज्यांची खाती होती त्यांचे जास्त घेतलेले पैसे खात्यावर जमा केले. बाकीची गिऱ्हाइके कोण होती हे कळण्याचा मार्ग नव्हता. हाजीसाहेबांनी मौलानांना मसला विचारला आणि ती रक्कम सवाबाची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकली. मी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. घेण्यासारखे तोंडच नव्हते.

जकातीचा हिशेब

या प्रसंगानंतर हाजीसाहेबांचा विश्वास उडेल असे मला वाटले होते. उलट त्यांनी नवीन काम दिले, “जकातीची चिठ्ठी लिही.” येथेही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपले अनेक व्यापारी सोयीसाठी ३१ मार्चचा हिशेब धरून अडीच टक्के जकात काढतात. पण जकातीचे वर्ष चांद्रवर्ष आहे आणि ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. इंग्रजी वर्षापेक्षा ते साधारण ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ३३ इंग्रजी वर्षांत ३४ चांद्रवर्षे होतात. म्हणजे मार्च ते मार्च अडीच टक्के काढणाऱ्याची ३३ वर्षांत एका वर्षाची जकात राहून जाते. इंग्रजी वर्षच धरायचे झाले, तर त्या प्रमाणात दर सुमारे २.५७७ टक्के पडतो. लाखाला ७७ रुपयांचा फरक. स्क्रिप्टमध्ये हिजरी तारीख धरणे अवघड नाही. फक्त चंद्र दिसण्यावरून एखादा दिवस पुढे-मागे करण्याची मुभा माणसाच्या हाती ठेवावी लागते.

त्याचबरोबर निसाब सोन्याचा (साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम) धरायचा की चांदीचा (साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम), कोणती उधारी येणे धरायची आणि कोणती बुडीत, हे प्रश्न संगणकाचे नाहीत. ते आलिमांना विचारावेत. त्यांनी सांगितलेले उत्तर चिठ्ठीत उतरवणे एवढेच माझे काम.

हे काम आपल्याला परके नाही

हिशेबाची रीत पायरीपायरीने लिहून काढण्याला आज जगभर ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आलेला आहे. त्यांच्या ज्या ग्रंथावरून बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळाले, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे; व्यापार आणि जमिनीची मोजणीही त्यात येते. हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा यावरही त्यांनी लिहिले. म्हणजे या शास्त्राचे मूळ बाजारात आणि घरातल्या न्याय्य वाटणीत आहे.

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहायला नकार देऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. मी स्वतःला त्या कातिबाच्या शेवटच्या ओळीत उभा समजतो. फरक एवढाच, की कातिबाचे चुकले तर एक दस्त बिघडतो; माझे चुकले तर दिवसाला २४० पावत्या बिघडतात.

“यंत्रच लिहिते म्हणे!”

२०२२ च्या अखेरीपासून नवीन प्रश्न सुरू झाला आहे. “आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती स्वतःच स्क्रिप्ट लिहिते म्हणे. मग तुमचे काय?” खरे आहे, लिहिते. मीही तिच्याकडून लिहवून घेतो. माझे टंकलेखन त्यामुळे वाचले. पण “पूर्ण रुपया करून टाक” असे तिला सांगितले, तर छत की फरशी हे तीही स्वतःच्या मनाने ठरवून मोकळी होऊ शकते. विचारण्याची जबाबदारी माझी होती, ती माझीच राहिली. आणि संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसण्याची जबाबदारी हाजीसाहेबांची.

दुकानातल्या नोकरांनाही भीती असते की हा माणूस आला म्हणजे आपली रोजी गेली. माझा अनुभव असा, की स्क्रिप्ट नकलाकारीचे काम घेते. माणसे ओळखण्याचे काम तिला जमत नाही. चार खाती सोडवणारा तो जुना नोकर अजून त्याच दुकानात आहे आणि आता न जुळलेल्या पावत्यांची यादी रोज त्याच्याच हाती जाते.

काम करून घेण्यापूर्वी

व्यापारी बांधवांसाठी काही सूचना देऊन थांबतो.

१. जे काम हाताने कागदावर करता येत नाही, ते संगणकाला सांगू नका. एका दिवसाचा हिशेब आधी हाताने करा. तीच चिठ्ठी होईल.

२. नवीन स्क्रिप्ट आधी मागच्या महिन्याच्या नोंदींवर चालवून पाहा. जुना आणि नवीन आकडा पैशापर्यंत जुळला तरच पुढे जा.

३. चिठ्ठीत कोणते नियम घातले आहेत ते साध्या मराठीत लिहून मागा. पैसे वर की खाली, तारीख कोणत्या पद्धतीची, उधारीची मुदत किती दिवस, हे मालकाला तोंडपाठ हवे.

४. स्क्रिप्टची प्रत आणि पासवर्ड आपल्या ताब्यात ठेवा. लिहिणारा गाव सोडून गेला तरी दुकान चालले पाहिजे. हिशेबाची एक नक्कल दुकानाबाहेर, घरी ठेवा.

५. मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. हिशेबाच्या कामासाठी कोणी पिन किंवा ओटीपी मागितला, तर तो माझ्या धंद्यातला माणूस नाही असे समजा.

६. मजुरी आधी ठरवा. “दहा मिनिटांत तर केले, एवढे पैसे कसले?” असे आम्हाला नेहमी ऐकावे लागते. सुताराची फळी बसते एका ठोक्यात, पण कुठे ठोकायची हे कळायला वर्षे जातात. आणि घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण संगणकासमोर बसणाऱ्यालाही लागू आहे, त्याला घाम येत नसला तरी!

७. सर्व काही सुरळीत चालू लागल्यावरही आठवड्यातून एकदा पेन्सिल घेऊन बसा.

हाजीसाहेबांची पेन्सिल अजून चालू आहे. परवा त्यांच्याकडे गेलो तर हिशेब पैशापर्यंत जुळला होता. मला वाटले, आता शाबासकी मिळेल. ते म्हणाले, “अल्हम्दुलिल्लाह, हिशेब ठीक आहे. आता तो प्रिंटर बघ, कागद अडकतोय.”